विषय संपला म्हणायचा हक्क

आमच्या भागातला फोनवरचा ग्रुप डहाणूत झेरॉक्सचं दुकान असलेल्या एका काकांनी काढला. त्यांच्या दुकानात लोक झेरॉक्सपेक्षा चौकशीलाच जास्त यायचे. दाखल्याला काय काय कागद लागतात, डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत विवळवेढ्याकडून गाडी काढावी की नको. काकांना वाटलं, हे सगळं फोनवर आणलं तर दुकानात जरा श्वास घेता येईल. त्यांना काही श्वास घेता आला नाही, पण ग्रुप मात्र वाढला. चिंचणीच्या मासळी विकणाऱ्या बाया, चिकूच्या वाड्यांचे मालक, तारापूरला कामाला जाणारी पोरं, बाजारपेठेतले गुजराती दुकानदार आणि तलासरीच्या डोंगराकडची आमच्यासारखी माणसं. प्रश्न मराठीत, उत्तर गुजरातीत आणि भांडण हिंदीत, असा सगळा कारभार.

मी घरी शिवणकाम करते. मशीनची शटल मोडली होती, ती कुठे मिळेल हे विचारायला मी ग्रुपमध्ये गेले. तासाभरात एका भावाने दुकानाचा फोटोच पाठवला. मला फार बरं वाटलं. घरात बसून एवढ्या मोठ्या तालुक्याला हाक मारता येते, हे माझ्यासाठी नवीन होतं.

पण त्या ग्रुपची एक खोडही लवकरच कळली. काही जणांना उत्तर देण्याऐवजी प्रश्नाचा निकाल लावायची सवय होती. कुणी जरा लांबलचक लिहिलं की खाली यायचं, ‘अभ्यास वाढवा.’ कुणी तक्रार केली की ‘चालू द्या.’ कुणी गुजराती मित्र लिहायचा, ‘छोडो ने!’ आणि सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘विषय संपला’. तो आला की खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागायची, आणि विचारणारा माणूस पुन्हा काही विचारायचा नाही. आमच्या शेजारच्या पाड्यातल्या एका बाईने एकदा विचारलं होतं की नागलीची कणसं काळी का पडतात. नागली म्हणजे आमच्याकडची नाचणी. तिला ‘अभ्यास वाढवा’ असं उत्तर मिळालं. ती दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून निघून गेली. मी तिला म्हटलं, “अगं, मनावर कशाला घेतेस?” ती म्हणाली, “अभ्यास वाढवायलाच तर विचारलं होतं ना मी?”

मग भाताची झोडणी आली. आमचं खळं घरापासून जरा खाली, ओहोळाच्या अंगाला आहे. रानडुकरांचा त्रास होता म्हणून माझा नवरा भात राखायला खळ्यावरच झोपायचा. खाली पेंढा, त्यावर गोधडी. सगळेच झोपतात.

एका सकाळी तो घरी आला आणि पोटावर हात धरून ओट्यावर बसला. “पोटात पिळतंय,” म्हणाला. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरी सुकटीचं कालवण खाल्लं होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना कारण आपोआप सापडलं. सासूबाईंनी ओवा चुरून कोमट पाण्यातून दिला. त्याने घोट घेतला, पण पाणी ओठांच्या कडेने खाली गळलं. सासूबाई चिडल्या. “लहान पोरासारखा थुंकतोस काय?” त्याचे डोळे अर्धे मिटलेले. रात्रभर जागा असेल, झोप येत असेल, असं मी धरून चालले.

दिवस वर आला तरी कळ कमी होईना. पाड्यात गाडी नव्हती. जी एक होती ती पोरांना घेऊन लग्नाला गेली होती. मी घरामागच्या जांभळीखाली गेले. आमच्याकडे फोनला रेंज तिथेच येते. उपकेंद्रातल्या बाईंना फोन लावला, तो लागला नाही. मग ग्रुपवर लिहिलं, ‘नवऱ्याच्या पोटात सकाळपासून खूप दुखतंय. पाणीही पीत नाही. नुसता झोपेत आहे. काय द्यावं?’

लगेच उत्तर आलं. ‘गॅस झाला असेल. सोडा द्या. विषय संपला.’

खाली दोन-तीन हसरी तोंडं.

मला काय वाटलं ते अजून आठवतं. भीती कमी झाली नाही, पण लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण सगळ्या तालुक्यासमोर रडगाणं घेऊन आलो, असं वाटलं. मी फोन कमरेला खोचला आणि घराकडे वळले. जांभळीच्या सावलीतून बाहेर पडले असते तर रेंज गेलीच असती. पण तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

निरोप वरोरच्या एका बाईंचा होता. मी त्यांना ओळखत नव्हते. नंतर कळलं की त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त होऊन गावी राहत होत्या. सगळा ग्रुप त्यांना सिस्टर म्हणायचा. त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, ते रात्री कुठे झोपले होते?’

मी लिहिलं, ‘खळ्यावर.’

‘जमिनीवर?’

‘हो.’

‘त्यांना डोळे पूर्ण उघडायला सांगा. पापण्या वर जातात का बघा. आणि पाणी गिळता येतं का. लगेच बघून या, मी इथेच आहे.’

मी धावत गेले. “डोळे उघड,” मी म्हटलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर नेल्या, पण पापण्या जागच्या हलल्या नाहीत. “उघड ना!” मी ओरडलेच. तो जड जिभेने म्हणाला, “उघडतोय ना.” तेव्हा मला कळलं. तो झोपेत नव्हता. त्याला डोळे उघडताच येत नव्हते.

मी परत जांभळीखाली येऊन लिहिलं. सिस्टरांचा या वेळी फोनच आला. आवाज शांत होता, पण भरभर बोलत होत्या.

“ताई, मण्यार चावली असू शकते. तिचा दात लागलेला कळत नाही, खूण दिसत नाही. घाबरू नका, पण एक मिनिट घालवू नका. तोंडात काही घालू नका. कुशीवर झोपवा. गाडी बघा आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. मी तिथे कळवून ठेवते.”

“गाडी नाही हो सिस्टर,” मी म्हटलं आणि तिथे मला रडू फुटलं.

“ग्रुपवर टाकते,” त्या म्हणाल्या.

त्यांनी टाकलं, आणि पहिलं उत्तर त्याच माणसाचं आलं. ‘विषय संपला’ लिहिणाऱ्याचं. ‘पाडा कुठला? मी तलासरी नाक्यावर आहे. माझी इको आहे. निघालो.’

तो खरंच निघाला होता. आमच्या पाड्याची वाट कच्ची आहे, शेवटच्या चढावर पॅसेंजरवाले गाडी आणायला नाही म्हणतात. हा माणूस सवाऱ्या मध्येच उतरवून, हॉर्न वाजवत थेट अंगणात आला. पस्तिशी-चाळिशीचा, दाढी वाढलेला, पायात रबरी चपला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. दीर आणि तो, दोघांनी मिळून नवऱ्याला उचलून मागच्या सीटवर कुशीवर ठेवलं. मी डोकं मांडीवर घेतलं.

रस्ताभर तो मागे वळून एकच विचारायचा, “ताई, श्वास चालू आहे ना?” मी म्हणायचे, “चालू आहे, भाऊ.” हायवे ओलांडताना ट्रकांची रांग होती. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून, शिव्या देत, हात जोडत वाट काढली. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पापण्या बघितल्या आणि पुढचं सगळं भराभर झालं. सापाच्या विषावरची सलाईन लागली. दुपारी श्वास मंदावला, तेव्हा घशात नळी घातली. नळी का घालतात, हे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाल्या, “त्यांची छाती थकली आहे. थोडे दिवस मशीन त्यांच्यासाठी श्वास घेईल.” तेवढं एक वाक्य धरून मी बसून राहिले.

गाडीवाला भाऊ संध्याकाळपर्यंत गेला नाही. आवारात एका कट्ट्यावर बसला होता. मी बाहेर आले तेव्हा त्याने माझ्यासाठी चहा आणला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, ते मी लिहिलेलं...”

“असू द्या,” मी म्हटलं.

“नाही, ऐका. नाक्यावर सवारीची वाट बघत बसायचं असतं. हातात फोन. कोणी काही विचारलं की हात आपोआप तेच लिहितो. लोक हसतात, बरं वाटतं. समोर माणूस आहे, हे डोक्यातच येत नाही हो.”

मला त्याच्यावर रागवायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या शर्टाच्या खांद्यावर माझ्या नवऱ्याची लाळ सुकलेली होती. तो डाग बघून मला रागावता आलं नाही.

नवरा वाचला. नळी निघाली तेव्हा पहिला शब्द त्याने विचारला तो “भात?” दिराने खळं आवरलंय असं सांगितल्यावर पुन्हा झोपला, या वेळी खरंच झोपला.

आम्ही घरी आलो आणि झेरॉक्सवाल्या काकांचा फोन आला. ग्रुपवर मोठं वादळ उठलं होतं. काका म्हणाले, “ताई, मी नियम करतोय. विषय संपला, अभ्यास वाढवा, चालू द्या, असलं काही लिहिलं की तो माणूस बाहेर. पहिला तोच गाडीवाला.”

“त्याला काढू नका, काका.”

“अहो, त्याच्यामुळे तुम्ही फोन ठेवून चालला होता ना?”

“हो. आणि त्याच्यामुळेच आम्ही दवाखान्यात पोचलो. तो ग्रुपमध्ये नसता तर मी गाडी कुठून आणली असती?”

काका म्हणाले, “ठीक आहे. माणसं नाही काढत. शब्द काढतो.”

शब्दांवर बंदी आली. आठवडाभर ग्रुप गुणी बाळासारखा वागला. मग लोकांनी ‘पूर्णविराम’ लिहायला सुरुवात केली. कुणी नुसतं ‘बरं’ लिहायचं, कुणी जोडलेले हात टाकायचं, आणि ते जुन्या शब्दांपेक्षा जास्त टोचायचं. एका बापाने लिहिलं की मुलगी नापास झाली, आता तिला अभ्यास वाढवायला सांगितलाय. काकांनी दुकानाच्या घाईत त्याला ताकीदच दिली. दोन दिवस सगळे हसत होते, आणि काका वैतागले होते.

नवऱ्याला चालता यायला लागल्यावर आम्ही सिस्टरांना भेटायला वरोरला गेलो. नेलं गाडीवाल्या भावाने, आणि डहाणूहून काकाही बसले. सिस्टर दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी आधी नवऱ्याची हनुवटी धरून त्याच्या पापण्या बघितल्या आणि मग, “या, बसा,” म्हणाल्या. नवरा पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. मी त्यांचा हात हातात घेतला.

भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण झाल्यावर काकांनी बंदीचं गाऱ्हाणं काढलं. “सिस्टर, तुम्हीच सांगा, काय करू? शब्द बंद केले तर नवे काढतात.”

सिस्टर म्हणाल्या, “आमच्या वॉर्डातही नवीन पोरी यायच्या. म्हातारी कण्हायला लागली की लांबूनच म्हणायच्या, काही नाही हो आजी. मी ते बोलणं कधी बंद नाही केलं. एवढंच सांगायचे, आधी जवळ जा, हात लाव, काय होतंय ते विचार. मग म्हण काही नाही.”

गाडीवाला भाऊ इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, “मग असं करा ना काका. विषय ज्याने काढला, संपला म्हणायचा हक्क त्याचा. बाकीच्यांनी फक्त विचारायचं नाहीतर सांगायचं.”

काकांनी तिथेच बसून तो नियम ग्रुपवर टाकला. कुणाला काढायची धमकी नाही, शब्दांची यादी नाही. आता तो सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेतले एक शेठ अजून ‘छोडो ने’ लिहितात. पण कुणीतरी खाली लिहितं, ‘शेठ, ताईंना काय झालंय ते विचारा आधी,’ आणि बऱ्याचदा मग शेठ स्वतःच विचारतात.

मला कुणी विचारलं की असले शब्द बंद करावेत का, तर मी अजून नीट उत्तर देऊ शकत नाही. त्या शब्दाने मला मागे वळवलं होतं, हे खरं. ज्याने तो लिहिला त्याच्या घरची पायरी मी आज बहिणीच्या नात्याने चढते, हेही खरं. भाऊबीजेला तो येतो, त्याची बायको आमच्या नागलीचं पीठ घेऊन जाते. माझ्या लक्षात राहिला आहे तो मात्र सिस्टरांचा साधा प्रश्न. वरोरला घरात बसलेल्या बाईला डोंगराकडच्या एका अनोळखी पाड्याचं काय पडलं होतं? कुणीतरी उत्तर देऊन टाकलेलं होतं, लोक हसूनही झाले होते. तरी त्यांनी विचारलं.

नवरा आता माळ्यावर बाज टाकून झोपतो. सकाळी तो डोळे चोळत खाली उतरतो तेव्हा मी चुलीपाशी असते. मी वर बघते, तो विचारतो, “काय बघतेस?” मी म्हणते, “काही नाही, चहा घे.”