बिडाचं चाक

मुरुम गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बाभळीचा ओंडका चिरता चिरता पट्टी करवतीची मशीन एकाएकी खडखडायला लागली. मी बटण बंद केलं. ही मशीन म्हणजे माझ्याहून उंच बिडाचा, ओतीव लोखंडाचा सांगाडा. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्या दोन्हींवरून फिरणारी दातांची लांब पट्टी. वरचं चाक हातानं फिरवून पाहिलं तर एका आऱ्याला, अगदी मधल्या भोकाजवळ, तडा गेलेला. ते फुटलं असतं तर पट्टी उडून माझ्याच अंगावर आली असती.

वेल्डरनं चाक बघून हात जोडले. "हे बीड हाय. आज जोडून देतो, उद्या पुन्हा फुटंल. जिवाशी खेळ कशाला?"

नवी मशीन घ्या, असं जो तो सांगायचा. पण ही मशीन अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी हैदराबादेतल्या एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतून आणलेली. ती लंडनची आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मीही तेच सांगत मोठा झालो. आता लंडनचं चाक शोधायचं तर आधी बनवणाऱ्याचं नाव पाहिजे. नावाची पट्टी कधीचीच गळून पडली होती, नुसती रिव्हेटची भोकं उरली होती.

मी रंग खरवडायला घेतला. वर हिरवा, त्याखाली तांबडा, त्याखाली राखाडी. बायको चहा घेऊन आली आणि थिनरचा बोळा घेऊन माझ्याजवळच बसली. बुडाशी, जिथं कायम भुसा साचलेला असायचा, तिथं तिच्या बोटांना काहीतरी लागलं.

"अहो, इथं अक्षरं हायत बघा."

बिडातच ओतलेली इंग्रजी अक्षरं. कारखान्याचं नाव निम्मं झिजलेलं, पण खालचं गाव स्पष्ट होतं. बटाला, पंजाब.

अण्णा रोज दुपारी वर्कशॉपात येऊन बसतात. त्यांना मीच सांगितलं. ते उठले, चष्मा लावून वाकले आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"त्या वखारवाल्यानं मला लंडनची म्हणून दिली," ते म्हणाले.

"व्हय, अण्णा."

"गावात कुणाला सांगू नको."

त्यानंतर काही दिवस ते वर्कशॉपाकडं फिरकलेच नाहीत.

जुन्या मशीनांचा नाद असलेल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथं मी फोटो टाकले. एका म्हाताऱ्या सरदारजींचा बटाल्याहून फोन आला. तरुणपणी ते त्याच कारखान्यात ओतकाम करायचे. कारखाना बंद पडला, लाकडी साचे थंडीत शेकोटीला गेले, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. मग हसून म्हणाले, मालकानं एका विलायती मशीनची मापं घेऊन ही घडवली होती, फक्त पाय जास्त जाड केले, कारण आपल्याकडं ओंडके जड असतात.

घरी जाऊन मी हे अण्णांना सांगितलं. "म्हंजे मी अगदीच खोटं बोलत नव्हतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात हजर झाले.

पण चाक कुठून आणायचं? आमच्या पट्ट्या जोडून देणारा माणूस उमरग्याचा. तो सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या करवतींनाही पट्ट्या देतो. त्याला आमच्या पट्टीची लांबी पाठ. म्हणाला, "एवढ्याच लांबीची पट्टी आळंदला एका ठिकाणी जाते. मशीन मी पाह्यली न्हाय, पण जाऊन बघा."

आळंदला पत्र्याच्या शेडात हुबेहूब तीच मशीन, चालू. नवऱ्यामागं धंदा सांभाळणारी एक बाई गिऱ्हाइकाचं सागवान चिरून देत होती.

"बर्री, कुंद्री," या, बसा असं कानडीत म्हणत तिनं मला बसवलं. माझं ऐकून म्हणाली, "चाक काढून देणार न्हाय. माझी चूल त्याच्यावर हाय."

"अक्का, काढू नका. नुसती मापं घेऊ द्या."

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं मेन स्विच पाडला, फ्यूज उपसले आणि पदराच्या गाठीत बांधले. "आमच्या मालकांची दोन बोटं हिनंच खाल्ली. आता घाला हात."

मापं घेऊन आलो आणि लाकडी साच्याला लागलो. सुतार असल्याचा इतका उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता. बीड थंड होताना आकसतं, म्हणून साचा किंचित मोठा धरावा लागतो. सरदारजी फोनवरून विचारत, "आरे वाकवलेस ना? सरळ ठेवलेस तर तडकतील." सोलापूरच्या फाउंड्रीत पहिलं ओतलेलं चाक आतून भोकं पडलेलं निघालं. दुसरं साधलं. लेथवर कातून आणलं, बसवलं, तर चालू केली की मशीन थरथरायची. जड बाजूचं थोडं थोडं बीड घासून काढत गेलो, तेव्हा कुठं चाक समतोल झालं. बाभळीत पट्टी शिरली आणि सरळ पार गेली. अण्णांनी फळी उचलून तिच्या कडेवर तळहात फिरवला आणि बाकीच्या ओंडक्यांकडं बोट दाखवलं.

महिन्याभरात अक्काचा फोन आला. "साचा ठेवलाय ना? मला बी एक ओतून आणा. तुमचं तडकलं ऐकल्यापासून मला मशीनजवळ उभं राहायचं भ्या वाटतंय."

तिसरं चाक मी टेम्पोत घालून आळंदला नेलं. तिनं ते लगेच मशीनला लावलं नाही; "जुन्याला बारीकसा जरी तडा दिसला, तरी त्याच दिवशी बदलता यील," म्हणाली. आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकवून उभं केलं आणि मला जेवायला बसवलं.