लाल फुलीच्या जागी

दौंड स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावर करुणाची भाड्याची खोली होती. तिथे ती वेबसाइट बनवायची. २००२ साली हा काय धंदा आहे, हे तिच्या वडिलांनाही कोणाला सांगता येत नसे. वडील, म्हणजे आमचे चांगदेवमामा, रेल्वेत फिटर. त्यांनी लेकीला एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात जम बसला नाही तर खोली सोडायची आणि पुण्याला टायपिंगच्या नोकरीवर जायचं.

त्या वर्षाच्या अखेरीस तिला आमच्या खुटबावच्या दूध संस्थेचं काम मिळालं. मी तिथे सचिव. कामानिमित्त तिच्या खोलीवर जाई. ती इंग्रजी खुणांच्या चार ओळी लिही आणि पडद्यावर आमची डेअरी उभी राही. कितीदा पाहिलं तरी मी थक्क होई.

पहिल्याच पानावर प्रत्येक संचालकाचा फोटो मानाप्रमाणे हवा, अशी अट निघाली. "फोनच्या लाइनवर एवढे फोटो यायचे नाहीत," करुणा म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

बैठकीत संस्थेच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं येत होता: अध्यक्षांचा आधी फेटा उतरला, मग कपाळ, मग मिशा. सगळे वाकून बघत होते. एवढ्यात फोनची लाइन तुटली. पुढची चौकट उपाध्यक्ष जयसिंग आप्पांची. तिच्यात एक बारीक लाल फुली उमटली.

संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि अध्यक्षांविरुद्ध आप्पाच उभे राहणार होते. आप्पा उठले.

"माझ्यावर फुली कुणी मारली?"

"आप्पा, फोटो पोचला नाही की कॉम्प्युटरच फुली दाखवतो," करुणा म्हणाली.

"अध्यक्षाचा बरा पोचला. त्याला काय निराळी एस्टी हाय?"

काम बंद करायचंच ठरत होतं. करुणानं कशीबशी पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळेला ती कॅमेरा घेऊन आली. लिंबाखाली संचालकांना खुर्च्यांवर बसवलं. मागे, किटल्या घेऊन आलेल्या बायामाणसांना उभं केलं. "आता एकच फोटो. आले तर सगळे येतील, नाही तर कोणीच नाही."

पुढच्या बैठकीला चांगदेवमामाही आले, दाराशी उभे राहिले. पडद्यावर मोठी रिकामी चौकट आली. तिच्याखाली अक्षरं मात्र लगेच उमटली: ‘रचनाकार करुणा, दौंड’.

"आमच्या आधी हिचं नाव आलं व्हय?" आप्पा म्हणाले.

"अक्षरं हलकी असतात, आप्पा. माणसं जड."

मग वरून लिंबाचा शेंडा उतरू लागला. त्याखाली पहिला चेहरा उमटला तो साखरबाईचा, रोज दोन लिटर दूध घालणारीचा. मग मागची सगळी रांग. खुर्च्यांवरची मंडळी अजून यायचीच होती.

"आन् आम्ही कवा?"

"तुम्ही बसलाय, आप्पा. उभे असलेले आधी येतात."

अध्यक्ष आणि आप्पा एकाच पट्टीत, खांद्याला खांदा लावून उतरले. देवळाचा पडदा सरकताना माणसं बघतात, तशी सगळी बघत होती. बाहेरून कोणी दिलेली हाकही कोणी घेतली नाही.

"परत एकदा दाव," आप्पा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. काम बंद करायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. उलट दुधाचे रोजचे दरही याच्यावर घालता येतील का, असं त्यांनीच विचारलं.

पान पुन्हा उघडेपर्यंत चांगदेवमामा पुढे येऊन उभे राहिले होते. रिकाम्या चौकटीखाली लेकीचं नाव परत आधी आलं. ते त्यांनी सावकाश वाचलं.

"करुणे," ते म्हणाले, "खोली सोडू नको."