एका वाक्याच्या संत स्त्रिया

मुलगी शाळेत नीट रुळली आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले, तो लेस्टरमधला आमचा सहावा हिवाळा. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. नवरा तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आणि मी स्पीच थेरपिस्ट. स्ट्रोकनंतर ज्यांचं बोलणं गेलंय त्यांच्या घरी जायचं आणि जमेल तेवढं परत आणायचा प्रयत्न करायचा, हे माझं काम. मराठीत याला वाचाघात म्हणतात. माणसाला सगळं कळत असतं, काय बोलायचंय तेही ठाऊक असतं, पण शब्द हाती लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे एका बाईंची केस आली. वय बहात्तर, अविवाहित, एकट्या राहणाऱ्या, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. उजवा हात लुळा, चालणं बरं, बोलणं जवळजवळ शून्य. इंग्लंडमध्ये सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारत होते. पण मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या भेटीपासून 'बाई' म्हणत होते, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. त्यांची बसण्याची पद्धतच तशी होती.

त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. "एक्झॅक्टली." चहा हवा का विचारलं तरी एक्झॅक्टली, नको असला तरी एक्झॅक्टली. फक्त सूर बदलायचा. मी माझी चित्रांची कार्डं काढली. कप, किटली, कुत्रा, बस. मी म्हणायचे, "हा कशाचा फोटो आहे? क... क..." त्यांनी चार कार्डं ऐकून घेतली. मग डाव्या हाताने एकेक कार्ड उचलून टेबलावर पालथं ठेवलं, सगळी सारखी केली आणि माझ्याकडे सरकवली. चिडल्या नव्हत्या. वर्गात चुकीचं पुस्तक आणलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

तीन आठवडे असेच गेले. चौथ्या भेटीत मी पिशवीत काहीतरी शोधत होते आणि सवयीने स्वतःशीच पुटपुटले, "चष्मा कुठे ठेवला मी?"

"चश्मे," बाई म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी डावा हात जमिनीजवळ नेला आणि बोटं हलवत वर आणली, पुन्हा खाली नेली, पुन्हा वर. मला काही कळेना. त्या थांबल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वॉटर."

स्ट्रोकनंतर त्यांनी आपणहून उच्चारलेला तो पहिला नवा इंग्रजी शब्द होता. त्यांनी मला हाताला धरून पलीकडच्या खोलीत नेलं. तिथे जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, निम्मी फारसी आणि अरबी. एक जाड शब्दकोश त्यांनी मला काढायला लावला. फारसीत चश्मे म्हणजे पाण्याचा झरा. मी आपल्या नाकावरच्या चष्म्याबद्दल बोलत होते आणि बाईंना झरा ऐकू आला होता.

आपल्या मराठीत फारसी शब्द किती आहेत याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी केला. मी म्हटलं, "दरवाजा." त्यांनी दाराकडे बोट करून फारसी शब्द म्हटला आणि मग, जरा वेळाने, "डोअर." मी म्हटलं, "कागद." तोही जमला. "हप्ता" म्हटल्यावर, फारसीत तो म्हणजे आठवडा, त्यांनी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मूठ मिटली आणि पुन्हा दोन दाखवली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "सेव्हन." बाग, बाजार, जमीन, गुलाब. इंग्रजी थेट विचारलं तर येत नव्हतं. फारसीवरून वळून गेलं की कधीकधी येत होतं. अशा केसेसबद्दल मी कॉलेजात वाचलं होतं, समोर घडताना पहिल्यांदाच बघत होते. घरी येताना गाडीत मी मराठी शब्द मोठ्याने म्हणत होते, यातला कुठला चालेल म्हणून.

बाईंनी आयुष्यभर कशाचा अभ्यास केला ते मला हळूहळू कळलं. त्यांनी लिहिलेलं एक पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. सूफी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावाबाहेरचा पीर यायचा, हिरवी चादर, उदाचा वास, उरुसातली शेव-रेवडी. त्यामागे एवढा मोठा इतिहास आहे हे माहीत नव्हतं. बाईंचा विषय होता हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या, बसरा, बगदाद आणि निशापूरकडच्या सूफी संत स्त्रिया. निशापूरच्याच एका सूफी विद्वानाने त्या काळी अशा स्त्रियांची टिपणं एकत्र केली होती. कोणी गुलाम होती, कोणी व्यापाऱ्याची मुलगी. कोणी दर्वेशांना, म्हणजे फकिरांना, वर्षानुवर्षं जेवू घालत होती. काहींची नावंही नीट उरलेली नाहीत, फक्त अमक्याची बहीण, तमक्याची दासी. आणि पुष्कळ जणींचं सगळ्या आयुष्यातलं एखाददुसरं वाक्यच मागे राहिलेलं. कुणीतरी ते ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याने लिहून ठेवलं. त्या एका वाक्यावरून ती बाई कोण असेल, हे शोधण्यात आमच्या बाईंची चाळीस वर्षं गेली होती.

मी ते पुस्तक स्वयंपाक करता करता वाचलं. आमटी दोनदा लागली.

डिसेंबरात मी एक चूक केली. त्यांच्या फ्रिजवर एक पत्र लावलेलं होतं. जवळच्या कम्युनिटी सेंटरमधल्या बायकांच्या गटाने त्यांना मार्चमध्ये भाषणाला बोलावलं होतं. पत्र स्ट्रोकच्या आधीचं. मी म्हटलं, "हे कॅन्सल करायला हवं ना? मी फोन करू का?"

बाईंनी मान हलवली. नाही. पत्र फ्रिजवरून काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट आपटलं. त्यांना ते भाषण करायचं होतं.

त्या वेळी त्यांना सलग दोन शब्द जोडता येत नव्हते. मला त्यांना खोटी आशा दाखवायची नव्हती. म्हणून मी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचे सूफी तर मौनाला फार मोठं मानायचे. मी तुमच्याच पुस्तकात वाचलं. कदाचित आता तसंच थोडं..."

वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी टेबलावर हात मारला. कप उडाला. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलत होते आणि काही बाहेर येत नव्हतं. शेवटी एकेक शब्द ओढून आणल्यासारखा आला. "दे... चूज." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "मी... नो."

त्यांनी मौन निवडलं होतं. मी नाही निवडलं.

मग त्यांनी दाराकडे हात केला. मी कोट घालून बाहेर आले. माझी चूक इतकी नेमकी कोणी कधी दाखवली नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण चार शब्दांत ती किती बोलली बघ. परवापर्यंत एक्झॅक्टलीशिवाय काही नव्हतं म्हणालीस ना?"

"रागावली म्हणून आलं."

"मग राग चांगला आहे. पुढच्या आठवड्यात जा आणि सॉरी म्हण."

पुढच्या आठवड्यात मी सॉरी म्हणाले. बाईंनी ते हाताने बाजूला सारलं. टेबलावर त्यांनी आधीच मांडामांड करून ठेवली होती. चाळीस वर्षांची त्यांची स्वतःची टिपणकार्डं. प्रत्येक कार्डावर एक संत स्त्री, खाली तिचं वाक्य इंग्रजीत, बारीक, तिरक्या अक्षरात. त्यातली सात बाजूला काढलेली. त्यांनी सातांवर हात ठेवला, मग पत्रावर ठेवला, मग माझ्याकडे बघितलं. माझी कप-किटलीची कार्डं एका पाकिटात घालून त्यांनी परत केली.

सात वाक्यं आणि तीन महिने. मी म्हटलं, "ठीक आहे. एकेका कार्डाला दहा-बारा दिवस."

पहिलं बसऱ्याच्या त्या प्रसिद्ध संत स्त्रीचं होतं, लहानपणी गुलाम म्हणून विकली गेली असं सांगतात तिचं. नरकाच्या भीतीने नको, स्वर्गाच्या लोभाने नको, देवावर प्रेम करायचं तर फक्त त्याच्यासाठी करावं, अशा अर्थाचं. बाई आधी फारसी शब्द म्हणायच्या, मी मराठी म्हणायचे, मग दोघी मिळून इंग्रजीपर्यंत जायचो. आम्ही बोटांनी टेबलावर ताल धरायचो, कारण तालावर शब्द लवकर येतात. 'भीती' तीन दिवसांत आला. 'प्रेम' हा शब्द यायला अकरा दिवस लागले. बाईंना स्वतःलाच त्याचं हसू आलं.

जानेवारीअखेर माझ्या ठरलेल्या व्हिजिट्स संपल्या. नियम तसाच होता, पुढे वेटिंग लिस्टवरचे लोक होते. मी मॅनेजरला विचारून शनिवारी सकाळी स्वतःच्या वेळात जायला लागले. मुलीला कुठे ठेवणार म्हणून तिलाही न्यायचे. ती सात वर्षांची. कार्डं उलटी करायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. एकदा परत येताना म्हणाली, "आई, तिने माझी नाव बरोबर बोलला. टीचरपेक्षा जास्त बरोबर."

"माझं नाव, आणि बरोबर घेतलं," मी म्हटलं.

"हो, तेच."

चौथ्या कार्डाशी आम्ही अडलो. ते एका अशा स्त्रीचं होतं जिचं नावच उरलेलं नाही, फक्त कुणाचीतरी बहीण म्हणून नोंद. दोन आठवडे गेले तरी वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. मी म्हटलं, हे सोडू आणि सहाच करू. बाईंनी ते कार्ड उचलून माझ्या मुलीच्या हातात दिलं. मुलगी ते घेऊन खोलीभर नाचत वाचायला लागली, चुकीच्या जागी थांबत. बाई तिला दुरुस्त करायला गेल्या आणि दुरुस्त करता करता पूर्ण वाक्य म्हणून गेल्या. मुलगी म्हणाली, "अगेन." त्यांनी पुन्हा म्हटलं.

मार्चमधल्या त्या बुधवारी दुपारी पाऊस होता. कम्युनिटी सेंटरच्या खोलीत तीसेक बायका होत्या, बहुतेक गुजराती आणि पाकिस्तानी मुसलमान, चार-पाच इंग्लिश. मागे थर्मास आणि झाकलेली ताटं. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. प्रत्येक स्त्रीची माहिती मी वाचणार होते, ती कुठली, कुठल्या काळातली. तिचं वाक्य बाई म्हणणार होत्या.

पहिलं नीट झालं. दुसऱ्यात एक शब्द सुटला, त्यांनी मागे जाऊन तो घेतला. तिसरं, चौथं झालं. पाचवं अशा एका स्त्रीचं होतं जी देवाच्या आठवणीने इतकी रडायची की लोक तिला म्हणत, डोळे जातील तुझे. मी माहिती वाचली आणि बाईंकडे बघितलं. बाई गप्प. ओठ जुळले, सुटले. मला शब्द ठाऊक होता, त्याचं पहिलं अक्षर तोंडाशी आलेलं. मी थांबले. त्यांनी मला डिसेंबरमध्ये शिकवलं होतं ते आठवून थांबले.

पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसल्या होत्या, पांढरी ओढणी, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. त्या बघत होत्या आणि मणी सरकवत होत्या. एक, एक, एक. बाईंची नजर त्या बोटांवर गेली. त्यांनी टेबलावर तोच ताल धरला आणि तालावर वाक्य आलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सातही झाली. पंचवीस मिनिटं लागली. टाळ्या थांबल्यावर त्या पांढऱ्या ओढणीच्या बाई पुढे आल्या, त्यांनी बाईंचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला आणि उर्दूत काहीतरी म्हणाल्या. मला अर्धंच कळलं. बाईंना पूर्ण कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग मान वर केली आणि एका दमात, कुठलंही कार्ड नसताना, आम्ही कधीही सराव न केलेलं वाक्य म्हणाल्या. "आय ॲम व्हेरी हंग्री."

बायका हसल्या, थर्मास उघडले. बाईंनी तीन समोसे खाल्ले.

त्यानंतर त्या दर महिन्याला त्या गटात जायला लागल्या. आपलं बोलणं पूर्ण परत येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. फोनवर त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पण दोन वर्षांनी छोटी छोटी वाक्यं सहज येत होती, आणि अडल्या की त्या घाई न करता थांबायच्या, समोरच्यालाही थांबायला लावायच्या. गटातल्या दोन तरुण मुलींना त्यांनी फारसी लिपी शिकवायला घेतली. एका शनिवारी मी गेले तर तिघी त्या पुस्तकांच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. बाई डाव्या हाताने अक्षर काढत होत्या, वाकडं येत होतं. पुसून पुन्हा काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा. तू कर."

मी कोट काढला आणि किटली भरायला गेले.