खजुराच्या झावळीची खुर्ची

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये ड्राफ्टिंग करायचे. पुण्यात इंटिरियरचा डिप्लोमा झाला होता. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे अजमानला आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर हे काम धरलं. दुसऱ्यांनी सुचवलेल्या वस्तूंची कामगारांना कळतील अशी ड्रॉइंग करायची, मग खाली मशीनच्या आवाजात उभं राहून ती हिंदीत समजावून सांगायची. कपाटाची खोली, टेबलाच्या पायाची जाडी, कुठे स्क्रू आणि कुठे गोंद. काम वाईट नव्हतं, पण स्वतःचं असं त्यात काही नव्हतं.

अशात आमच्याकडे दुबईतल्या एका हॉटेलातल्या मेक्सिकन रेस्टॉरंटचं काम आलं आणि त्याच्यासोबत मेक्सिकोहून एक डिझायनर बाई आली. चाळिशी ओलांडलेली, केसांची घट्ट वेणी, खिशात कायम एक छोटी पक्कड. तिचं शिक्षण कारखान्यातल्या वस्तू डिझाइन करण्याचं. पंखे, बादल्या, बाटल्यांचे क्रेट असलं काम तिने बरीच वर्षं केलं होतं. नंतर ती गावोगावच्या कारागिरांकडे जाऊन राहू लागली आणि त्यांच्या कलेत काहीतरी भलतंच मिसळू लागली. तांबं ठोकून घडवलेल्या दिव्याला तिने मोटारीच्या हेडलाइटची काच बसवली होती. काळ्या मातीच्या मडक्याला रबराचं झाकण केलं होतं. तिने फोटो दाखवले तेव्हा आधी मला हसू आलं आणि मग ते फोटो मी पुन्हा मागून घेतले.

तिचं इंग्रजी अडखळत चालायचं, माझंही तसंच. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. शब्द सापडला नाही की दोघीही कागदावर चित्र काढायचो. आमचे मॅनेजर लेबनॉनचे, सगळे त्यांना मुदीर म्हणायचे. रेस्टॉरंटचे दिवे कधी पोचणार असं तिने विचारलं की ते म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." एकदा ती मला म्हणाली, "आमच्याकडेही हा शब्द आहे. आम्ही ओहाला म्हणतो. अरबांकडूनच आला आमच्या भाषेत." मुदीरना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले की दिवसभर ज्याला त्याला ओहाला म्हणत सुटले.

दिवे आणि टाइल्स मेक्सिकोहून यायच्या होत्या. खुर्च्या मात्र इथेच बनवायच्या होत्या आणि त्यासाठी तिने नमुन्याची एक खुर्ची विमानाने मागवली होती. लाकडी खोका फोडला तेव्हा वर्कशॉपमधले सगळे भोवती जमले. डमरूसारखी दिसणारी ती गोल खुर्ची होती. खाली लाकडाच्या चिरफाळ्या एकमेकींना छेद देत उभ्या, वर ताणून बसवलेलं तपकिरी कातडं आणि सगळं दोऱ्यांनी आवळून बांधलेलं. एकही खिळा नाही.

"हा दोरा कसला आहे, माहीत आहे?" तिने विचारलं आणि एका काटेरी, जाड पानांच्या झुडपाचं चित्र काढलं.

"ही तर घायपात!" मी मराठीतच ओरडले. आमच्याकडे शेताच्या बांधावर लावायचे ती. तिने तो शब्द माझ्याकडून तीन-चारदा म्हणवून घेतला आणि त्यानंतर ती त्या दोऱ्याला घायपातच म्हणू लागली.

खुर्च्यांचं मुख्य काम चाचांकडे जाणार होतं. चाचा आमचे अपहोल्स्ट्रीवाले, दापोलीकडचे कोकणी मुसलमान. माझ्याशी मराठीत बोलणारं वर्कशॉपमध्ये ते एकटेच. त्यांनी खुर्ची फिरवून पाहिली, शिवण तपासली, कातड्यावर तळहात फिरवला, मग नाक जवळ नेलं.

"ताई, हे कातडं कसलं? बकऱ्याचं नाही हे."

मी तिला विचारलं. तिने अगदी सहज सांगितलं, "डुकराचं. आमच्या गावात पूर्वापार तेच वापरतात."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या. मी चाचांना होतं तेच सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला, शांतपणे नळाकडे गेले आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागले. बराच वेळ धुतले. बाकीचेही हळूहळू आपापल्या बाकांकडे वळले.

मुदीर खाली आले. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "खलास, ही खुर्ची इथे होणार नाही आणि हॉटेलवालेही घेणार नाहीत." मग वर जाऊन त्यांनी हॉटेलला फोन लावला.

ती तशीच खोक्याच्या कडेवर बसून राहिली. चेहरा लाल झाला होता. मला म्हणाली, "जन्मभर मी दुसऱ्यांच्या गावांत जाऊन शिकले. आणि इथे येताना साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही." मी चहा मागवला. तिने तो घेतला नाही. ती खुर्ची स्वतः पुन्हा खोक्यात भरून, टॅक्सीत घालून आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि थेट चाचांसमोर उभी राहिली. "मला माफ करा," असं हिंदीत म्हणाली. कुठून शिकून आली होती कोण जाणे. चाचा एकदम अवघडले. मला म्हणाले, "त्यांना सांगा ताई, त्यांनी काय मुद्दाम केलंय? खरं बोलल्या हे बरं झालं. मागाहून कळलं असतं तर मला वाईट वाटलं असतं." मग स्टूल पुढे सरकवून त्यांनी तिला बसायला लावलं.

पण खुर्ची राहिलीच. बकऱ्याचं कातडं ताणलं की सैल पडायचं. गाईचं जाड कातडं त्या गोल आकारात बसेना. हॉटेलवाले साध्या सोफ्यांवर आले होते. ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. शेवटी एका गुरुवारी मी तिला म्हटलं, "उद्या सुट्टी आहे. आमच्याबरोबर खोर फक्कानला, समुद्रावर चल."

नवरा, मुलगी, ती आणि मी असे शुक्रवारी आमच्या जुन्या गाडीतून निघालो. डब्यात पुरणपोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. पुरणपोळी तिला इतकी आवडली की तिने तिचंही चित्र काढून घेतलं. मुलगी मागच्या सीटवर तिला इंग्रजीतून पक्ष्यांची नावं शिकवत होती आणि ती मुलीला स्पॅनिशमध्ये. उघडे डोंगर ओलांडून समुद्र दिसला तसा तिचा चेहरा जरा सैल झाला.

किनाऱ्यावर बंदराच्या क्रेनपासून दूर, वाळूत एक छोटी होडी उलटी पडली होती. फळीची नव्हे, खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांची. दांडे शेजारी शेजारी ठेवून दोरीने बांधलेले. ती चालता चालता थांबली. वाळूत गुडघे टेकून एकेक बांध बोटांनी चाचपू लागली.

"ही समुद्रात जाते?" तिने विचारलं.

शेजारी जाळं पसरणाऱ्या म्हाताऱ्याला नवऱ्याने मोडक्या अरबीत विचारलं. तो म्हणाला, "माझा बाप यातून मासे धरायचा. आता इंजिनच्या बोटी आल्या." अशी होडी कशी बांधतात हे मात्र त्याला ठाऊक होतं. त्याने पुरा तासभर दाखवलं. मग तिचं कुतूहल पाहून म्हणाला, पानांचं काम बघायचं असेल तर माझ्या बहिणीकडे चला.

त्याची बहीण जवळच्या वस्तीत राहायची. चेहऱ्यावर बुरखा, बोटं मेंदीने काळसर झालेली. अंगणात बसून खजुराच्या ओल्या पानांची लांब पट्टी विणत होती, वेणी घालावी तशी. अशा पट्ट्या एकीला एक शिवून टोपल्या, चटया, झाकणं करायची. माझी मैत्रीण तिच्यासमोर मांडी घालून बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईने चार पानं तिच्या हातात दिली आणि पट्टी सुरू करून दिली. माझी मैत्रीण आधीपासून विणकामातली. ती पाहता पाहता वेग घेऊ लागली, मग मध्येच तिच्याकडची एक वेगळी घडी घालून दाखवली. ती बाई खुदकन हसली आणि तिने तीच घडी लगेच आपल्या पट्टीत घातली. आम्ही कॉफी प्यायलो, खजूर खाल्ले. मुलगी कंटाळून म्हणाली, "कॅन वुई गो नाऊ?" कोणीच लक्ष दिलं नाही.

परतताना गाडीत आमचा दोघींचा एकच विषय. चिरफाळ्यांऐवजी झावळीचे दांडे, कातड्याऐवजी ही विणलेली पट्टी. ती मागे बसून चित्र काढत होती, मी पुढे बसून मान वळवून वळवून मापं सांगत होते. नवरा म्हणाला, "अगं, मान अवघडेल." अवघडलीच.

पुढचे काही आठवडे वर्कशॉपमध्ये धमाल होती. झावळीच्या दांड्यात स्क्रू धरेना. चाचांनी त्यांच्या वडिलांची कुंपण बांधायची गाठ काढली, तिने तिच्या गावची. दोन्ही मिळून एक तिसरीच गाठ तयार झाली. पट्ट्या एसीत दोन दिवस ठेवल्या की वाळून तडकायच्या. तिने वर लॅकर मारून पाहिलं तर त्या आणखी कडक झाल्या आणि पानांचा वासही गेला. मग तिने फार्मसीतून ग्लिसरीनच्या बाटल्या आणल्या, पाण्यात मिसळून पानं त्यात भिजवली आणि मग विणली. त्या पट्ट्या मऊ राहिल्या. चाचा म्हणाले, "आमची आई थंडीत गालांना लावायची हे. पानांना लावायचं डोकं कुणाचं चाललं नसतं."

पहिली खुर्ची उभी राहिली तेव्हा मुदीर मोठ्या उत्साहात आले. ते चांगलेच वजनदार. "यल्ला, चला, मीच पहिला," म्हणून बसले. खुर्चीने क्षणभर विचार केला आणि मग कर्र आवाज करत ती खाली खाली जाऊ लागली. मुदीर दोन्ही पाय वर करून जमिनीवर टेकले. कोणी हसायची हिंमत करेना. शेवटी तेच खो खो हसू लागले आणि दोघांनी हात देऊन त्यांना उठवलं.

त्या दुपारी मी माझ्या टेबलावर बसून त्या मोडलेल्या खुर्चीचं ड्रॉइंग केलं. दांडे कुठे वाकले ते पाहिलं तर सगळे कमरेशी, जिथे एकमेकांना छेदत होते तिथेच. मी तिथे आतून एक बारीक लोखंडी कडं दाखवलं, सगळे दांडे त्याला बांधायचे. तिने कागद उचलून पाहिला. मला वाटलं आता खोडणार. तिच्या गावच्या खुर्चीत लोखंड नसतंच.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"हो. चालेल?"

"चालेल काय! हे माझ्याआधी तुला दिसलं." मग ती खाली धावली आणि वेल्डरला बोलावून आणलं.

कडं घातलेल्या नव्या खुर्चीवर मुदीर बसले, चाचा बसले, वेल्डर तर तिच्यावर उभाच राहिला. ती हलली नाही. हॉटेलचे लोक पाहायला आले, त्यांनी रंग बदलता येईल का एवढंच विचारलं आणि ऑर्डर पक्की केली. खोर फक्कानच्या त्या बाईकडे आणि तिच्या जावा-नणंदांकडे पट्ट्यांचं काम गेलं. दर आठवड्याला आमची पिकअप गुंडाळ्या घेऊन यायची आणि वर्कशॉपभर सुकलेल्या गवतासारखा वास पसरायचा.

खुर्च्या निघण्याआधी एक आम्ही त्या बाईला दाखवायला नेली. तिने चारही बाजूंनी पाहिली, आपली पट्टी ओळखली, आत हात घालून ते लोखंडी कडंही चाचपलं. मग त्यात बसली ती उठायलाच तयार होईना. आमची कॉफी तिने तिथूनच ओतली. निघताना आमची मैत्रीण खुर्ची उचलायला गेली तर ती बाई सुनेला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. खुर्ची तिथेच राहिली. मुदीरना आम्ही ते सरळ सांगितलं, त्यांनी हात हवेत उडवले आणि आणखी एक बनवायला सांगितलं.

रेस्टॉरंट सुरू झालं त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. एका पाहुण्याने त्यांना विचारलं, या खुर्च्या मेक्सिकोच्या का? चाचा म्हणाले, "थोड्या तिकडच्या, थोड्या खोर फक्कानच्या. गाठी आमच्या."

ती उन्हाळ्याआधी परत गेली. एअरपोर्टवर तिने मला खिशातली पक्कड दिली. मी तिला गोडा मसाला दिला, कारण दुसरं काही सुचलं नाही. नंतर तिच्या नव्या कामांचे फोटो यायचे. त्यातल्या एका दिव्याला झावळीच्या दांड्यांचा सांगाडा होता.

पुढच्या वर्षी मुदीरनी मला वर बोलावलं. अबू धाबीतल्या एका दवाखान्याची, लहान मुलांना बसायची खोली करायची होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "डिझाइन कुणाचं येणार आहे?"

"तुझं," ते म्हणाले. "दोन आठवड्यांत दाखव, इन्शाल्ला."

मी खाली आले. चाचा फोम कापत होते. त्यांना म्हटलं, "चाचा, मुलांना लोळता येईल असं बाक करायचंय. गोल, कडा नसलेलं. कशाचं करूया?"

त्यांनी कात्री बाजूला ठेवली. "बसा ताई," म्हणाले, "आधी सांगा, पोरं किती वयाची?"