बाईंनी पकडलेली तिसरी ओळ

आदरणीय कुसुमताई मगदूम, म्हणजे आम्हा सर्वांच्या बाई, पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. कोल्हापुरातल्या त्यांच्या माडीवरच्या वाचनवर्गात मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या मुलीसाठी. दीपा तेव्हा चौथीत होती. गोष्टी सगळ्या तोंडपाठ, पण पुस्तक उघडले की तिला घाम फुटायचा. शाळेने तिला आळशी ठरवले होते आणि घरी मीही तेच म्हणत होतो.

चारचौघांत वाचताना मुलांना काय वाटते ते कळावे, म्हणून बाईंनी पालकांना सूचनांचा एक कागद दिला आणि एकेकाला मोठ्याने वाचायला सांगितले. गडहिंग्लजला माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. पंपाचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेले की वाइंडिंग, हे मी फोनवर सांगतो. त्याच कानांवर तोवर निभावले होते, कारण वाचता मलाही येत नव्हते. बायकोखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हते. माझ्या आधीच्या गृहस्थांनी वाचलेले मी जसेच्या तसे म्हणून दाखवले, मध्ये एकदा खाकरूनसुद्धा.

सगळे गेल्यावर बाईंनी मला थांबवले.

"पावणं, तुमच्या आधीच्यांनी तिसरी ओळ गाळली. तुम्हीबी नेमकी तीच गाळलीसा."

"चष्मा घरी राहिला की, बाई."

"खिशात हाय न्हवं त्यो?"

दीपा माझ्याकडे बघत होती. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लेक तुमच्यावर गेलीया. मोटार चांगली हाय, जोडणी निराळी हाय. तिला आळशी म्हणायचं बंद करा, आणि सोमवारपास्नं दोघंबी या."

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरे न जुळणे, हा शब्द मी त्या दिवशी बाईंकडून प्रथम ऐकला.

बाई ताटात रांगोळी पसरून बोटाने अक्षर गिरवायला लावत, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने काढायचा. जुन्या लग्नपत्रिकेला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावरून सरकवायची. दीपा वर्षभरात वाचू लागली. मला तीन वर्षे लागली. "आप्पा, खिडकी सरकवा, पाठ केल्यालं म्हणू नका," असा तिचा दम मी निमूट ऐकला. आज ती शाहूवाडीकडे शिक्षिका आहे आणि तिच्या वर्गातही रांगोळीचे ताट आहे.

गेल्या वर्षी नव्या पालकांसमोर बाईंनी तोच कागद माझ्या हाती दिला. मी खिशातून चष्मा काढला.

"आज आणलासा वाटतं," बाई म्हणाल्या.

मी या वेळी सर्वांत आधी वाचले, त्यामुळे ऐकून म्हणायची सोयच नव्हती. दीपा मागे उभी राहून ओळ न् ओळ तपासत होती. तिसरी ओळ आली: 'मूल थांबले तर आपणही थांबावे, ते पुढे निघेल.' मी वाचली, आणि संपूर्ण कागद वाचून खाली बसलो.

हा लेख मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. शुद्धलेखन तेवढे दीपाने पाहिले. आमच्यासाठी थांबत आलेल्या बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या जिन्यात अजून पुष्कळ जण चष्मा खिशात घालून उभे आहेत.