गाडीच्या छताला वाकळ

माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर दोन गोष्टी केल्या. दाढी वाढवली, ती महिन्याभरात काढून टाकली. आणि एक जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. ती मात्र राहिली.

आयुष्यभर ते अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघंही मोकळे झालो आणि जालन्याला बांधलेल्या घरात राहायला आलो. पहिल्या चार महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ, कड्या आणि पंखे दुरुस्त केले. न बिघडलेलेही. मग एक दिवस नवीन जालन्यात, बियाण्याच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात, त्यांना ती गाडी दिसली. सरकीच्या पोत्यांमागे कित्येक वर्षं पडून होती. व्यापाऱ्याच्या आजोबांनी हौसेने घेतलेली, विलायती, आमच्या लग्नापेक्षा जुनी. दोन दारं, दोन सीटा, छप्पर कापडाचं. ते दुमडून मागे टाकता यायचं. गाडी इतकी बुटकी की आत बसताना आधी बैठक टेकवायची, मग पाय उचलून आत घ्यायचे. नऊवारी काय, पाचवारीतही ते काम सोपं नव्हतं.

दोन वर्षं ते त्या गाडीखाली झोपलेले असायचे. एक एक भाग त्यांनी उघडला, धुतला, लेथवर नवा केला. पण मूळ भाग सापडत असेल तर दुसरा लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. साध्या आरशासाठी त्यांनी आठ महिने वाट पाहिली. गाडी हिरवीगार होऊन उभी राहिली त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, "चल, वडीगोद्रीला जाऊन येऊ."

वडीगोद्रीला माझी धाकटी बहीण राहते. दिवस मेचे होते. अंबडपर्यंत मी कशीबशी बसले. इंजिनाची सगळी धग पायांवर येत होती, खालचा पत्रा तव्यासारखा तापला होता. छप्पर उघडलं तर डोक्यावर ऊन, लावलं तर भट्टी. अंबड ओलांडल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काळोखी आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून उलटी केली. पुढचा प्रवास डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून झाला. परत मी एसटीने आले. ते गाडी घेऊन एसटीच्या मागे मागे आले, जालना येईपर्यंत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमच्या गाडीला माझा नमस्कार. मी पुन्हा तिच्यात बसणार न्हाई."

मी शब्द पाळला. पुढची दोन वर्षं दर रविवारी सकाळी ते एकटेच चक्कर मारून यायचे. कधी देऊळगावराजाच्या रस्त्याने, कधी मंठ्याकडे. आल्यावर मला सगळं सांगायचे: कुठे कपाशी चांगली आली, कुठे नवीन पूल झाला, कुठल्या हॉटेलातली भजी बरी होती. मी भाजी निवडत ऐकायचे. सांगता सांगता ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "ते बघायला पाह्यजे होतं."

मग एका फेब्रुवारीत, चहा पिता पिता, त्यांनी सांगितलं, "गाडीला एसी बसवून राह्यलो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने आरशासाठी आठ महिने काढले तो त्या गाडीला एसी लावणार? मी विचारलं, "का बरं?"

"उन्हानं आतलं रबर खराब होतं," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

एसीचा मिस्त्री अंबड चौफुलीच्या पुढे होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. तो ऊसतोडणीच्या मोठ्या यंत्रांच्या केबिनमध्ये एसी बसवायचा, कारखान्याच्या दिवसांपासून यांची ओळख. गाडी बघून तो पहिल्यांदा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग म्हणाला, "साहेब, हिच्यात जागा किधर हाय?"

"जागा काढू. पण एक गोष्ट," हे म्हणाले. "गाडीला एकबी नवीन भोक पाडायचं न्हाई."

"मंग पाइप इंजिनातून आत कैसा आणू?"

दोघं दोन दिवस त्यावर डोकं लावून बसले. उत्तर गाडीतच सापडलं. ती थंड मुलुखातली, म्हणून तिच्यात एके काळी हीटर होता. हीटर कधीच कोणीतरी काढून फेकला होता, पण गरम पाण्याच्या नळ्यांची दोन भोकं तशीच राहिली होती, रबराची बुचं मारलेली. त्यातूनच थंडीचे पाइप आत आले. हे घरी येऊन ही गोष्ट मला तीन वेळा सांगून गेले.

एका लहान मोटारीचा जुना कॉम्प्रेसर मिळाला. तो इंजिनाला धरून ठेवणारा ब्रॅकेट बाजारात नव्हताच. तो यांनी स्वतः केला. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. आधी पुठ्ठ्याचा केला, मग पत्र्याचा, मग जाड पट्टीचा. पहिला बेल्टशी तिरका पडला, दुसरा हादऱ्याने कडकडला, तिसरा बसला. एसीच्या पंख्याला जुना डायनामो पुरेना, म्हणून तोही बदलावा लागला. काढलेला प्रत्येक मूळ भाग यांनी ग्रीस लावून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. तिथे माझ्या शाली होत्या. शाली वर गेल्या.

गार हवा सोडणारी पेटी डॅशबोर्डच्या खाली बसवायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने यांना म्हटलं, "बाईंना घेऊन या."

"ती कशाला?" यांनी विचारलं.

"हवा कोणावर सोडायची, ते बसवून बघावं लागेल."

मी गेले. गाडीत बसणार नाही म्हटलं होतं, पण गाडी चालू नव्हती, तेव्हा शब्द मोडत नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली. पाय उचलून आत घेतले. मिस्त्री खाली वाकून पेटीची तोंडं फिरवत होता. हे ग्रीसचं बोट पुसायला फडकं शोधत दुकानाच्या मागे गेले होते. तेवढ्यात मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, डाव्या बाजूला जास्त हवा पाह्यजे. पाय गार राह्यले पाह्यजे. उजवीकडं न्हाई आली तरी चालंल."

डावी बाजू म्हणजे माझी. रबराची गोष्ट मी तेव्हापासून यांच्यापाशी काढली नाही.

गॅस भरून पहिली चाचणी झाली ती मार्चच्या शेवटी. हे आणि मिस्त्री गेले. अंबड चौफुलीला सिग्नलवर वाहनं अडकली आणि पाच मिनिटांत बोनेटमधून वाफ निघाली. रिक्षावाल्यांनी पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. एक जण म्हणाला, "काका, ही गाडी शोकेसमधी ठेवा." गाडी ढकलत दुकानात आली. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी बसवल्याने वारा अडत होता. मग रेडिएटर उतरवला, त्यात नळ्यांची एक ओळ वाढवून घेतली, आणि पुढे विजेवर चालणारा एक जास्तीचा पंखा लावला. आता ती सिग्नलला अर्धा तास उभी राहिली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता.

पण थंडी टिकत नव्हती. मिस्त्री घरी आला तोच मुळी खांदे पाडून. ओसरीवर बसून म्हणाला, "बाई, माझं काम बराबर हाय. पण वरचं कापड एकेरी हाय. ऊन सरळ आत येतं. एसी बिचारा काय करील?"

"मंग काय करायचं?" यांनी विचारलं.

"पत्र्याचं छत करा."

हे ऐकून यांचा चेहरा असा झाला की मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "थांबा. छताला आतून वाकळ लावली तर?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी, जुन्या लुगड्यांचे थर टाचून केलेली. माझी आई त्या शिवायची, आणि शाळेतल्या नोकरीच्या काळातही मी दर दिवाळीच्या सुट्टीत एक तरी शिवायचेच. थंडीत अंग उबदार ठेवते ती वाकळ बाहेरची धगही अडवील, एवढा साधा विचार होता.

मिस्त्री म्हणाला, "हो सकता है."

मग गाडीचं काम माझ्याकडे आलं. मी छताचं माप टेपने घेतलं, वर्तमानपत्रं चिकटवून कागदी साचा केला, तो आत धरून पाहिला. दोन जुन्या सुती साड्या घेतल्या, एक गडद निळी आणि एक पिकल्या कवठासारख्या रंगाची, मध्ये विरलेल्या ब्लँकेटचा थर घातला. दुपारी पंख्याखाली बसून टाके घालायचे. बारा दिवस लागले. हे दर तासाला येऊन बघायचे आणि म्हणायचे, "टाका लांब झाला वाटतं." मी म्हणायचे, "तुम्ही ब्रॅकेट किती वेळा केला?" मग ते जायचे.

वाकळ लावताना छताच्या लोखंडी कमानींना मी नाड्या बांधल्या आणि कडेने टिचबटनं लावली, म्हणजे हिवाळ्यात काढून ठेवता येईल आणि छप्पर पुन्हा दुमडता येईल. यांनी आत आडवं पडून एकेक बटन दाबलं. शेवटचं बटन लागल्यावर बराच वेळ ते तसेच पडून वर बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई. झोपल्यासारखं वाटून राह्यलं."

त्यांनी फोटो काढून जुन्या गाड्यांच्या फोनवरच्या गटात टाकला. एकाने लिहिलं, चांगल्या गाडीची माती केली. दुसऱ्याने विचारलं, ताई ऑर्डर घेतात का. हे पहिल्या माणसावर दोन दिवस चिडून होते. मला दुसऱ्याचा मजकूर आवडला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वडीगोद्रीला निघालो. बहिणीला सांगितलं होतं, जेवायला येतो. साडेअकराचं ऊन. मी बसले, दार ओढलं, काच वर केली. यांनी बटन फिरवलं. आधी गरम फुंकर आली, मग कोमट, आणि गाव सुटेपर्यंत पायांवर गार हवा यायला लागली. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, समोर मृगजळ हलत होतं, आणि माझे पाय गार होते. चढ आला की हे एसी बंद करायचे, चढ संपला की चालू. इंजिन लहान, दोन्ही कामं एकदम झेपायची नाहीत. ते मला समजावून सांगत होते, मी हूं हूं करत होते. डोक्यावर माझ्याच दोन साड्या होत्या. अंबड कधी आलं ते मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी एका लांब पुलावर होती आणि खाली गोदावरी. मी डोळे चोळून पाहिलं.

"हे शहागड हाय का?"

"हं."

"वडीगोद्री मागं राह्यली की."

"राह्यली."

"उठवायचं न्हाई का मला?"

ते समोर बघत म्हणाले, "झोपली होतीस. म्हटलं थोडं पुढं जाऊ."

पुलापलीकडे वळून आम्ही परत आलो. परतीच्या वाटेवर मी जागी होते. उसाची ट्रॅक्टरं नव्हती, रस्ता मोकळा होता. त्यांनी मला बोटाने एक वडाचं झाड दाखवलं, कारखान्याला सायकलने जायचे तेव्हा तिथे टेकायचे म्हणे. इतक्या वर्षांत हे झाड मला माहीत नव्हतं.

बहिणीच्या घरी पोहोचायला दोन वाजले. ती दारातच उभी होती. "एक वाजता येणार होतात. आक्का, चक्कर तर आली न्हाई ना?" तिने माझ्या हाताला हात लावला आणि दचकली. "गार पडलीस की गं."

जेवणात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. जेवून उठल्यावर बहीण म्हणाली, "मला बसू दे एकदा." हे चावी घेऊन उठले तर ती म्हणाली, "दाजी, तुम्ही पडा जरा. आम्ही नुसत्याच बसतो."

लिंबाखाली गाडी उभी होती. मी चालकाच्या जागी, ती माझ्या. यांनी इंजिन चालू करून दिलं, एसी लावला आणि ओट्यावर माझ्या मेव्हण्यांजवळ जाऊन बसले. आम्ही काचा वर केल्या. बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. बहिणीने वर बघितलं, निळ्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही साडी तू माझ्या साखरपुड्यात नेसली होतीस."

"हो."

मग ती बोलायला लागली. सुनेचं, गुडघ्याचं, आईच्या जाण्याआधीच्या त्या आठवड्याचं, जे घरात सगळ्यांसमोर कधी निघालं नव्हतं. मग मीही माझं सांगितलं, तिने ऐकलं. दोन सीटांच्या त्या गाडीत तिसरं कोणी बसू शकत नव्हतं. मध्ये दोनदा हे उठून आले, काचेतून आत डोकावून काटा पाहिला आणि परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बहिणीने बोटभर काच खाली केली. "दाजी, गाडी बरी हाय. आम्ही बी बऱ्या हावोत. तुम्ही चहा टाका."

ते हसले आणि खरंच आत गेले. थोड्या वेळाने मेव्हणे हातात यांनी केलेल्या चहाचे दोन कप घेऊन लिंबाखाली आले.