शेजार

पडद्यांच्या दुकानात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. मालक मोजकंच बोले. "याला शेजार द्या," म्हणाला की बाई समजत. खपवायचं कापड आधी काढायचं नाही. आधी एखादं विटक्या रंगाचं टेबलावर पसरायचं. गिऱ्हाइकाचं नाक मुरडून झालं की त्या विटक्या कापडाला अगदी खेटून खपवायचं ते उलगडायचं. आणि पहिल्याची घडी घालायची नाही. ते तसंच उघडं राहू द्यायचं, म्हणजे दुसरं उठून दिसतं. त्यासाठी एक तपकिरी तागा कायम हाताशी ठेवलेला असे. तो कधी कुणी विकत घेतला नाही.

त्या संध्याकाळी थोरले दीर आले. बाई आत चहा गाळत होत्या. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "धाकटे, सांग काकांना, यंदा काय दिवे लावलेस."

"गणितात गेले," धाकटी पुटपुटली.

"हं. आता थोरले, तू सांग."

थोरली वर्गात पहिली आली होती. ती सांगू लागली तशी धाकटी उठली.

"कुठे निघालीस? बस. ऐक जरा."

बाईंच्या हातातली गाळणी थांबली. पाहुणा आला की दर वेळी हेच. आधी धाकटी, मग थोरली, आणि धाकटीनं जागचं हलायचं नाही. हल्ली दाराची कडी वाजली की पोर पोटदुखीचं निमित्त करून पांघरूण ओढून घेई. आणि आपण तिलाच घुमी म्हणत राहिलो. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहाचा ट्रे आदळून त्या म्हणाल्या, "अहो, आता तुम्ही सांगा. बढती यंदाही हुकली ना?"

"हे काय मध्येच?" नवरा हसायला गेला.

"हुकली. भावजी, तुमचं दुसरं दुकान कधी उघडतंय?"

दीर चुळबुळले. "पुढच्या महिन्यात. पण ते जाऊ दे ना आता."

नवरा उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"कुठे निघालात? बसा. ऐका जरा."

कपांना कुणी हात लावला नाही. धाकटीच बोलली, "आई, पुरे. बाबांना आत जाऊ दे."

"जाऊ देते. आधी तू जा."

धाकटी उठेना. ती बाबांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी खालमानेनंच हातानं 'जा' केलं, तेव्हा ती उठली.

"आता तुम्हीही जा," बाई म्हणाल्या. नवऱ्याचा चहा पार निवला होता. त्यांनी तो गरम करून दिला नाही.